बांधावरून दिसणारी चौकट : कॅननच्या २४ मिमी पॅनकेक लेन्ससोबत माणदेशातली दोन वर्षे

सातारा जिल्ह्यातल्या माणदेशी भागात दहिवडीकडून म्हसवडकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना जे दिसते, त्याचा फोटो काढावा असे सहसा कोणाला वाटत नाही. लांबवर शंभू महादेवाच्या डोंगररांगेतला एखादा सपाट माथ्याचा डोंगर असतो, त्याच्या पायथ्यापर्यंत फिकट पिवळी राने असतात, मध्येच एखादी बाभूळ किंवा हिवर, पत्र्याचे शेड, विहिरीवरचा मोटारीचा डबा आणि बांध. धबधबा नाही, किल्ला नाही, दरी नाही. माझे आजोळ याच भागातले असल्याने लहानपणापासून हे सगळे मी पाहिलेले आहे, आणि तरीही हातात कॅमेरा आल्यावर पहिली काही वर्षे मी इथे तो पिशवीतच ठेवत होतो. फोटो काढायला म्हणून मी घाटात आणि कोकणात जात असे. गेल्या दोन वर्षांत हे बदलले. त्या बदलात ज्या एका वस्तूचा मोठा वाटा आहे, त्या कॅनन ईएफ-एस २४ मिमी एफ/२.८ एसटीएम या लेन्सविषयी हे परीक्षण आहे. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांचे आकडे पुष्कळ ठिकाणी मिळतात. म्हणून साध्या, रोजच्या, गावाकडच्या भूदृश्यासाठी ही लेन्स कशी आहे, एवढ्यापुरतेच मी लिहिणार आहे.

आधी वस्तूची ओळख. ही लेन्स २०१४ मध्ये आली. तिचे वजन १२५ ग्रॅम आहे आणि जाडी २२.८ मिलिमीटर, म्हणजे एक इंचाहूनही कमी. या चपटेपणामुळेच अशा लेन्सना पॅनकेक म्हणतात. आत पाच गटांत सहा काचा आहेत, फिल्टरचा व्यास ५२ मिमी आहे आणि ती सर्वांत जवळचा फोकस १६ सेंटिमीटरवर धरते. ईएफ-एस प्रकारची असल्याने ती कॅननच्या लहान सेन्सरच्या (सेन्सर म्हणजे फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारा भाग) डीएसएलआर कॅमेऱ्यांवर बसते. मोठ्या सेन्सरच्या, म्हणजे फुल-फ्रेम डीएसएलआरवर बसत नाही. लहान सेन्सरवर तिचा दृश्यकोन जुन्या ३५ मिमी फिल्मच्या हिशेबात साधारण ३८ मिमी लेन्सइतका पडतो. माझ्याकडे कॅनन २०० डी हा २४.२ मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे आणि बॅटरीसह त्याचे वजन साडेचारशे ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे कॅमेरा आणि लेन्स मिळून सहाशे ग्रॅमच्या आत, खांद्यावरच्या शबनममध्ये पाण्याच्या बाटलीशेजारी राहील एवढाच ऐवज. वजनाचा हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण ज्या कामाविषयी मी लिहितो आहे त्यात चालणे पुष्कळ आहे, आणि त्यातले बरेचसे चालणे रिकाम्या हाताने परत येण्यासाठीच असते.

कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ मिमी झूम लेन्सवर २४ हा आकडा आहेच, मग वेगळी लेन्स कशाला, असा प्रश्न कोणीही विचारील आणि तो रास्त आहे. एफ/८ ला, म्हणजे प्रकाश घेणारे छिद्र बरेच लहान ठेवून, काढलेले दोन्ही लेन्सचे फोटो शेजारी ठेवले, तर बहुतेकांना फरक सांगता येणार नाही. पॅनकेक लेन्स एफ/२.८ पर्यंत उघडते, त्यामुळे झूमच्या तुलनेत एक स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) थोडा अधिक उजेड मिळतो आणि तो दिवेलागणीला कामाला येतो. पण माझे उत्तर तेवढ्यावर उभे नाही. झूम हातात असताना एखादे दृश्य चौकटीत नीट बसत नसेल, तर हात आपोआप झूमचे कडे फिरवू लागतो. १८ वर गेलो की सगळे आत येते, आणि या भागात नेमके तेच घातक ठरते. माणदेशातले डोंगर सह्याद्रीच्या मुख्य रांगेसारखे अंगावर येत नाहीत. ते बुटके आहेत, दूर आहेत. रुंद कोनाच्या लेन्सने ते क्षितिजावरच्या एका काळपट रेघेपुरते उरतात, वर निम्मी चौकट पांढऱ्या आभाळाने भरते आणि खाली निम्मी रिकाम्या ढेकळांनी. मग ५५ वर जावे, तर डोंगर जवळ येतो, पण ज्या रानातून आपण तो पाहतो आहोत ते रान निघून जाते, आणि राहतो तो कुठलाही डोंगर. २४ मध्ये डोंगर डोळ्याला वाटतो साधारण त्याच मापाचा राहतो आणि पायाखालची जमीनही चौकटीत येते. कर्णाच्या दिशेने सुमारे ५९ अंशांचा हा कोन या भूभागाच्या मापाशी जुळतो, असे माझे मत झाले आहे.

चौकट एकदा ठरून गेली की बदलायला एकच गोष्ट उरते, ती म्हणजे आपण उभे आहोत ती जागा. छायाचित्रणातले हे मूलभूत तत्त्व मी पूर्वी वाचले होते, पण ते मला पायांनी शिकावे लागले. जवळच्या आणि दूरच्या वस्तूंचे परस्परांशी असलेले नाते, म्हणजे कोण कोणाच्या आड येते, कोण कोणापेक्षा मोठे दिसते, हे लेन्सच्या मापावर अवलंबून नसते. ते पूर्णपणे आपण कुठे उभे आहोत यावर ठरते. झूमने आपण त्या नात्याचा फक्त लहानमोठा तुकडा कापून घेतो. त्यामुळे नाते चुकले असेल, तर कडे कितीही फिरवले तरी ते चुकलेलेच राहते.

मामांच्या रानाला लागून एक जुनी विहीर आहे. मोट कधीच गेली, पण बैलांची धाव आणि मोटेचे पाणी जिथे पडायचे ते दगडी थारोळे अजून शाबूत आहेत. विहिरीपासून चाळीस पावलांवर बांधावर एक लिंब आहे आणि त्याच्या मागे, दीड-दोन कोसांवर, सपाट माथ्याचा डोंगर. या तीन गोष्टींचा फोटो मी पहिल्या दिवशी काढला, तेव्हा लिंबाचा शेंडा डोंगराच्या माथ्याच्या रेषेला नेमका टेकलेला होता आणि त्यामुळे झाड डोंगराला चिकटवल्यासारखे दिसत होते. डोळ्याला ते जाणवले नव्हते, कारण आपल्याला दोन डोळे असतात आणि झाड जवळ व डोंगर दूर हे आपल्याला ठाऊकच असते; कागदावर मात्र ते अंतर राहत नाही. चार पावले डावीकडे सरकल्यावर लिंब डोंगराच्या उताराकडे गेला आणि त्याच्या शेंड्यामागे आभाळ आले. पण आता विहिरीचा कठडा आणि लिंबाचे खोड एका ओळीत आले. मग मी थारोळ्यावर चढलो. ते जमिनीपासून जेमतेम हातभर उंच आहे, पण सपाट रानात हातभर उंचीसुद्धा पुष्कळ असते: उभ्या माणसाच्या डोळ्यांना शंभर मीटरवरचे रान जवळजवळ कडेवरून दिसते, त्यामुळे मागची सगळी वावरे दाबून एकच पट्टा होतात. थोडे वर चढले की ते पट्टे एकमेकांपासून सुटे होतात, बाजरीचे रान, नांगरट, पडीक, पुन्हा बाजरी, आणि त्यांच्यामधले बांध रेषा म्हणून उमटू लागतात. थारोळ्यावरून काढलेला तो फोटो मला पहिल्यांदा या भूमीसारखा वाटला. तो मिळायला पाऊण तास लागला, आणि त्या पाऊण तासात मी लेन्सकडे एकदाही पाहिले नाही.

रचनेविषयी एक गोष्ट या भागानेच शिकवली. दख्खनचे पठार सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून बनले आणि ते थर आडवे आहेत. त्यामुळे डोंगरांचे माथे सपाट, उतार पायऱ्यापायऱ्यांचे आणि क्षितिज जवळजवळ पट्टीने आखल्यासारखे. इथे आडव्या रेषा फुकट मिळतात आणि उभ्या रेषा शोधाव्या लागतात. उभे असते ते झाड, विजेचा खांब, माणूस, कडब्याची गंजी. म्हणून इथल्या चौकटीत एका उभ्या गोष्टीला फार वजन येते आणि ती कुठे ठेवायची हा प्रश्न जवळजवळ संपूर्ण फोटोचा प्रश्न बनतो. चौकटीचे तीन-तीन भाग पाडून त्यांच्या छेदावर विषय ठेवावा, हा सर्वत्र सांगितला जाणारा नियम इथे मला फारसा उपयोगी पडला नाही. मोकळ्या माळावरचे एकटे झाड छेदबिंदूवर ठेवले की ते दिनदर्शिकेतले चित्र होते. तेच झाड कडेच्या अगदी जवळ ठेवले आणि उरलेली चौकट माळाला दिली, तर माळ किती मोठा आहे हे कळते.

पण रचना म्हणजे केवळ रेषा आणि वजन नव्हे, हे मला यानंतर बऱ्याच दिवसांनी उमगले आणि या परीक्षणात तेच सांगण्याची मला खरी ओढ आहे. बांधाचेच पाहा. बाहेरच्या माणसाला बांध ही चौकटीत तिरपी जाणारी, डोळ्याला आत नेणारी सुरेख रेषा वाटते. गावच्या माणसाला ती वाटणी दिसते. दोन भावांमध्ये रान विभागले गेले तेव्हा हा बांध पडला. त्यांच्या मुलांत पुन्हा वाटण्या झाल्या, म्हणून इथली वावरे अशी लांब आणि चिंचोळी आहेत. बांधावरचा लिंब कोणाचा, त्याच्या सावलीने कोणाचे पीक मरते, त्याच्या फांद्या कोणी तोडायच्या, हे सगळे त्या एका झाडाशी बांधलेले असते. पाणी जिरवण्यासाठी उतारावर एकाच पातळीत खणलेल्या सलग समतल चरांच्या डोंगरावर दिसणाऱ्या समांतर रेषा कॅमेऱ्याला नक्षीसारख्या वाटतात. त्या चरांमध्ये उन्हाळ्यात लोकांनी कुदळी चालवलेल्या असतात, आणि पावसाळ्यानंतर त्यांच्या खालच्या अंगाला हिरवळ किती टिकली यावर त्या श्रमांचे मोल दिसते. हे माहीत झाले की आपण कुठे उभे राहतो ते बदलते. चरांची नक्षी दिसावी म्हणून पूर्वी मी समोरच्या टेकडीवर जात असे. आता चराच्या काठावर, खालच्या अंगाला उभा राहतो, म्हणजे जवळचा चर, त्यातली माती आणि खालच्या विहिरी एकाच चौकटीत येतात. २४ मिमी लेन्सला इथे एक वेगळेच काम मिळते, कारण तिच्यात जवळचे आणि दूरचे दोन्ही ओळखता येण्याइतपत मोठे राहते.

जवळचे आणि दूरचे दोन्ही ठळक हवे असेल, तर थोडे गणित करावे लागते. या सेन्सरवर २४ मिमी लेन्स एफ/८ ला ठेवून साधारण ३.८ मीटरवर फोकस धरला, तर पावणेदोन-दोन मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे पुरेसे ठळक येते. एफ/११ ला तेच अंतर पावणेतीन मीटरच्या आसपास येते आणि ठळकपणा सुमारे १.४ मीटरपासून सुरू होतो. त्यापलीकडे छिद्र लहान करण्यात अर्थ नाही, कारण मग प्रकाशाच्या विवर्तनामुळे संपूर्ण फोटोच किंचित मऊ पडू लागतो. अडचण अशी की या लेन्सवर अंतर दाखवणारी पट्टी नाही आणि हाताने फोकस करण्याचे कडे प्रत्यक्ष काचांना जोडलेले नाही. ते मोटारीला सूचना देते आणि कॅमेरा चालू असतानाच काम करते. जुन्या लेन्सवर काम केलेल्यांना हे नक्की खटकेल. मी त्यावर साधा उपाय केला आहे: आपल्या पावलांनी पाच पावले म्हणजे पावणेचार मीटर, म्हणून पाच पावलांवरचा एखादा दगड, खुंट किंवा ढेकूळ निवडायचे, त्यावर स्वयंचलित फोकस धरायचा, मग कॅमेरा हाताच्या फोकसवर टाकायचा आणि पुन्हा कशालाही हात लावायचा नाही. सकाळी एकदा हे केले की दोन तास फोकसचा विचार मनात येत नाही.

चौकटीच्या कडांविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण ग्रामीण भूदृश्याचे फोटो बहुधा तिथेच बिघडतात. २०० डी च्या व्ह्यूफाइंडरमध्ये प्रत्यक्ष फोटोच्या सुमारे ९५ टक्केच भाग दिसतो. शहरात हे फारसे जाणवत नाही, पण मोकळ्या रानात त्या न दिसलेल्या कडेतून अर्धा खांब, एखादी तार, झाडाची तुटकी फांदी किंवा शेततळ्याच्या प्लास्टिकचा कोपरा गुपचूप आत येतो. उघड्या आभाळाच्या कडेला आलेली एक तार डोळ्याला सारखी तिकडे ओढत राहते. म्हणून झाड-डोंगराची जागा ठरवण्यासाठी मी व्ह्यूफाइंडर वापरतो आणि शेवटचा फोटो मागच्या पडद्यावर कडा तपासून घेतो. पडदा पूर्ण १०० टक्के दाखवतो. उन्हात तो नीट दिसत नाही. डोक्यावर टॉवेल घेऊन त्याखाली पाहावे लागते, आणि रस्त्याने जाणारा प्रत्येक जण गाडी थांबवून काय चालले आहे ते विचारतो. त्या थांबण्यातून मला पुष्कळ गोष्टी कळल्या आहेत, त्यामुळे ती गैरसोय मी आनंदाने सोसतो. खांब आणि तारा चौकटीबाहेर ठेवणे हा माझा पहिल्या वर्षातला ठाम नियम होता.

प्रकाशाबाबत आपल्या अक्षांशाचा विचार करणे फार उपयोगी ठरते. माणदेश १७.५ अंश उत्तरेच्या आसपास आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो, झाड आपल्याच सावलीवर उभे राहते आणि रानातला सगळा उंचसखलपणा नाहीसा होतो. त्या प्रकाशात कोणतीही लेन्स काही करू शकत नाही. याउलट डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीसुद्धा सूर्य ४९ अंशांच्या वर जात नाही, म्हणजे मध्यान्हीची सावलीही जवळजवळ वस्तूच्या उंचीइतकी असते. म्हणून नोव्हेंबर ते जानेवारी या काळात पहाट-संध्याकाळच्या तासाभरावर अडून राहण्याची गरज नाही, सकाळी दहा-साडेदहापर्यंत नांगरटीच्या ढेकळांना आकार असतो. शाळूची राने तेव्हा कमरेपर्यंत येऊन डोलत असतात. या महिन्यांत ५२ मिमीचा पोलरायझर फिल्टर मी लावतो. तो साधारण दीड स्टॉप प्रकाश खातो, पण पानांवरची चमक आणि आभाळातला पांढुरकेपणा कमी करतो. सूर्याच्या काटकोनात पाहिले तर त्याचा परिणाम सर्वाधिक असतो, आणि फार रुंद लेन्सवर आभाळाचा एक भाग गडद आणि दुसरा फिका असा विचित्र पट्टा पडतो. २४ मिमीच्या कोनात तो पट्टा क्वचितच जाणवतो. मला हा या लेन्सचा मोठा गुण वाटतो.

जूनमधल्या आभाळाविषयी लिहिताना मात्र मी थोडा पक्षपाती होईन. वळवाच्या दिवसांत पूर्वेकडे ढग उभे राहतात आणि चार वाजता उन्हाचा एक पट्टा एकट्या वावरावर पडतो. बाकी सगळे निळसर काळे. तो पट्टा दोन-तीन मिनिटांत पुढे सरकतो. तेव्हा लेन्स बदलायला, झूम ठरवायला वेळ नसतो, आणि ज्याची चौकट आधीच डोळ्यांत बसलेली आहे त्यालाच तो फोटो मिळतो. फ्रेंच छायाचित्रकार ऑंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी आयुष्यातले बहुतेक काम ५० मिमीच्या एकाच मापावर केले. त्यांचा विषय वेगळा होता, पण एका मापाची डोळ्याला सवय होण्याचा फायदा रानातही तसाच मिळतो. आता फाटकातून बाहेर पडतानाच मला अंदाज येतो की त्या बोरीपासून किती मागे उभे राहिले तर तिच्या शेजारचा गोठाही आत येईल.

जवळच्या फोकसचा उल्लेख वर केला आहे, पण तो वापरून पाहीपर्यंत मी त्याला किंमत दिली नव्हती. १६ सेंटिमीटर हे अंतर सेन्सरपासून मोजलेले असते. कॅमेऱ्याची आणि लेन्सची जाडी वजा केली की लेन्सच्या काचेपुढे जेमतेम ९ सेंटिमीटर उरतात. ज्वारीच्या कणसाला इतके जवळ जाऊन, मागे रान आणि डोंगर अंधूक ठेवून फोटो काढता येतो, आणि त्यात कणीस कुठल्या रानातले आहे हे हरवत नाही. नुसत्या मॅक्रो लेन्सने काढलेले कणीस सुंदर असते, पण ते कुठलेही असते.

दुष्काळी भाग म्हटले की भेगाळलेल्या जमिनीचा फोटो हवा, अशी जणू रीतच पडून गेली आहे. तो फोटो मला काढावासा वाटत नाही आणि त्याचे कारण सांगतो. ज्या सुरेख षटकोनी भेगा आपण पाहतो, त्या बहुधा आटलेल्या तलावाच्या तळातल्या गाळाच्या असतात, शेताच्या नव्हेत. काळ्या रानालाही भेगा पडतात, पण ओली झाली की फुगणे आणि वाळली की आक्रसणे हा त्या चिकणमातीचा स्वभाव आहे; चांगल्या वर्षीही त्या दर उन्हाळ्यात पडतात. दुष्काळ दिसतो तो अन्यत्र: मार्चमध्येच संपत आलेल्या कडब्याच्या गंजीत, विहिरीच्या भिंतीवर पाण्याने खाली सरकत सोडलेल्या पांढऱ्या रेघांत, आणि एकाच बांधाच्या एका बाजूला डाळिंबाची हिरवी बाग व दुसऱ्या बाजूला पडीक अशा दृश्यात. शेवटचा फोटो काढायला काहीच कौशल्य लागत नाही, फक्त बांधावर मधोमध उभे राहावे लागते. पण बागेत पाणी कुठून येते आणि पडीकात का येत नाही, हे विचारल्याशिवाय तो फोटो काढणे मला अप्रामाणिक वाटते.

माणसांच्या बाबतीत या लेन्सचा लहानपणा फार उपयोगी पडतो. हातभर लांबीची लेन्स घेऊन बांधावर उभे राहिले की मोजणीवाले आले, रस्ता जाणार, जमीन जाणार अशी शंका लोकांच्या मनात येते आणि ती अनाठायी नसते. ही चपटी लेन्स लावलेला कॅमेरा पाहून तसे होत नाही. तरी विचारल्याशिवाय कोणाच्या रानात पाय ठेवू नये आणि भांगलण करणाऱ्या बायकांचा फोटो त्यांच्या पाठीमागून चोरून काढू नये. विचारले की बहुतेक वेळा “काढा की” असेच उत्तर येते, आणि मग थोड्या वेळाने त्या आपल्याला विसरून कामाला लागतात.

मर्यादा आहेत आणि त्या घेण्याआधी माहीत असाव्यात. इतक्या चपट्या बांधणीच्या लेन्सना पूर्ण उघड्या छिद्रावर कोपरे थोडे गडद येणे टळत नाही. एफ/४ नंतर ते कमी होते आणि भूदृश्याच्या कामात आपण सहसा एफ/८ वरच असतो. तिच्यात कंपन आवरणारी यंत्रणा नाही, म्हणून हातात धरून काढताना शटर १/८० सेकंदाच्या खाली नेऊ नये असे मी सांगेन, त्याहून कमी उजेडात तिकटी (ट्रायपॉड) हवीच. किल्ल्यावरच्या वाड्यांची आतली दालने किंवा घाटातल्या दऱ्या हा ज्यांचा विषय आहे त्यांना ती अपुरी पडेल. माळढोकासारख्या पक्ष्यांच्या मागे जाणाऱ्यांना तिचा काही उपयोग नाही. शिवाय २०१८ पासून कॅननचे नवे काम आरएफ माउंटकडे, म्हणजे लेन्स बसवायच्या नव्या जोडणीच्या कॅमेऱ्यांकडे, वळले आहे. ही लेन्स ॲडॉप्टर लावून त्या कॅमेऱ्यांवर चालते, पण ॲडॉप्टर लावला की तिचा चपटेपणाच निघून जातो. त्यामुळे ज्यांच्याकडे आधीपासून लहान सेन्सरचा डीएसएलआर आहे त्यांनीच ती घ्यावी, आणि जुनी घेतली तरी चालेल. मी माझी पुण्यातल्या एका दुकानातून जुनीच घेतली. घेताना काच बॅटरीच्या उजेडासमोर धरून आत बुरशीची जाळी नाही ना ते पाहावे, आणि कॅमेऱ्यावर लावून फोकस जवळून दूर व दुरून जवळ दहा-बारा वेळा फिरवून मोटार अडखळत नाही ना ते तपासावे.

पडद्यावर पाहून या लेन्सविषयी मत बनवू नये असे मला मनापासून वाटते. २०० डी चा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा येतो, म्हणजे बारा बाय अठरा इंचांचा छाप काही न कापता, पूर्ण ताकदीने निघतो; आकाराचे प्रमाणही तेच असल्याने कडांवर घेतलेली मेहनत वाया जात नाही. विहीर, लिंब आणि डोंगराच्या फोटोचा असा छाप मी करून घेतला आणि मामांच्या शेजारचे आबा, ज्यांच्या बांधावर तो लिंब आहे, त्यांना दाखवायला नेला. आबांनी तो खाटेवर ठेवला, चष्मा लावला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटले, ते डोंगर पाहत आहेत. मग त्यांनी बोट ठेवले ते फोटोच्या मधोमध, लिंबाच्या पलीकडे, जिथे बांध दोन वावरांमधून मागे जातो.

“आरं, हितं बघ. हितं बांध किती बारीक झालाय. कोरलाय न्हवं त्यो.”

मी पाहिले. लिंबाच्या अलीकडे बांध दोन हात रुंद होता आणि पलीकडे तो निम्म्याहून कमी होत गेलेला होता. थारोळ्यावर उभे राहून ती रेषा सुटी व्हावी म्हणून मी पाऊण तास घालवला होता, महिनाभर तो फोटो संगणकावर न्याहाळला होता, आणि दरवर्षी नांगराच्या एका तासाने, म्हणजे एका सरीने, थोडा थोडा खाल्ला गेलेला बांध मला त्यात दिसला नव्हता. जमिनीवरून चालताना आबांनाही तो इतका स्पष्ट दिसला नव्हता, कारण बांध कोरला जातो तो वर्षाला चार बोटे. त्यांनी छाप ठेवून घेतला आणि पुढच्या खेपेला दुसऱ्या बाजूने, त्यांच्या गोठ्याच्या दगडी ओट्यावरून फोटो काढायला सांगितले. तिथून बांध शेवटपर्यंत दिसतो.

गेल्या दिवाळीत मी त्या ओट्यावर उभा राहिलो. तिथून लिंब चौकटीच्या मध्यावर येतो, डोंगर अर्धा झाकला जातो आणि उजव्या कडेला विजेचा खांब तारांसह आत येतो. तो बाहेर ठेवायचा तर दोन पावले डावीकडे सरकावे लागते, आणि मग बांधाचे पलीकडचे टोक लिंबाआड जाते. मी खांब राहू दिला.